आजोबांची पहार, नातीचे हात

नातवंडांना घेऊन काय करायचं, हा प्रश्न आपल्याकडे तसा अलीकडचा. दोन पिढ्यांमागे तो कुणाला पडत नव्हता. आजी तांदूळ निवडायला बसली की नातू तिच्या सुपात हात घालायचा, आजोबा गोठ्यात गेले की नात मागोमाग जायची. आता नातवंडं पुण्यात नाही तर बेळगावात, आजी-आजोबा गावी, आणि भेट सुट्टीपुरती. मग त्या आठ-पंधरा दिवसांसाठी याद्या निघतात: चित्रं रंगवा, कोडी सोडवा, बागेत जा, एकत्र सिनेमा बघा. याद्या वाईट नाहीत. पण त्यातल्या बहुतेक गोष्टींत आजोबा नातवाची करमणूक करतात आणि नातू आजोबांचं मन राखायला ती करून घेतो. हे दोघांच्याही लवकर लक्षात येतं.

दोघांनाही एकमेकांची खरोखर गरज पडावी असं काम कसं असतं, हे बघायचं तर जोयड्याकडे वळावं. उत्तर कन्नड म्हणजे जुन्या लोकांच्या तोंडचा कारवार जिल्हा. त्यातला गोव्याला खेटून असलेला हा डोंगराळ तालुका. १९५६ पर्यंत तो मुंबई राज्यात होता. काळी नदी इथेच डिग्गीच्या बाजूला उगम पावते. क्षेत्रफळ अवाढव्य, पण २०११ च्या जनगणनेत माणसं जेमतेम ५२ हजार. उरलेली जागा जंगलाची. अणशी-दांडेलीचं जंगल २००७ मध्ये व्याघ्र प्रकल्प झालं आणि २०१५ पासून काळी व्याघ्र प्रकल्प या नावाने ओळखलं जातं. या जंगलाच्या कुशीत वाड्या करून राहणारे कुणबी घरात कोकणी बोलतात, शाळेत कन्नड शिकतात, आणि रामनगरच्या बाजूला मराठीही तितकीच ऐकू येते.

या कुणब्यांची ओळख म्हणजे कंद. भात-नाचणी आहेच, पण परसातला कोन, कणगी, मुडली आणि सुरण हे त्यांचं खास धन. कोन म्हणजे आपलं कोनफळ, कणगी म्हणजे काटेकणगी, मुडली हा अळकुडीच्या कुळातला कंद. एकट्या कोनाचेच नागर कोन, डुक्कर कोन असे कितीतरी प्रकार जुनी माणसं वेगळे ओळखतात. थंडीत जोयड्याला कंदमुळांचा मेळा भरतो, तिथे हे सगळं मांडून ठेवलेलं असतं. आकार बघून शहरी माणूस थबकतो. काही कोन हाताच्या पंजासारखे फुटलेले, काही लांबलचक, काहींचं वजन मुलाला उचलवणार नाही इतकं.

कोन काढणं हे दिसतं तितकं सोपं काम नाही. मार्गशीर्ष-पौषात वेल पिवळा पडून सुकला की समजायचं, खाली कंद भरला. पण तो जमिनीत किती खोल आणि कुठल्या बाजूला गेलाय हे वरून दिसत नाही. सरळ पहार घातली की कंद दुभंगतो, आणि जखम झालेला कंद टिकत नाही, कुजतो. म्हणून बाजूने खड्डा घ्यायचा, माती हळूहळू सैल करायची आणि शेवटची माती हाताने काढायची. पहार कुठे मारायची हे आजोबांना ठाऊक असतं. पण साठी-पासष्टीनंतर गुडघे खड्ड्यात उतरू देत नाहीत. नऊ वर्षांच्या नातीचे गुडघे उतरू देतात, पण पहार कुठे मारायची हे तिला ठाऊक नसतं. खड्ड्यात उतरून कंदाभोवतीची माती बोटांनी उकरायला लहान हातच लागतात. कंद अखंड बाहेर आला तर दोघांचा, तुटला तर दोघांचाच दोष. त्यात कुणी कुणाला रमवत नसतं.

कंद उकरण्याच्या अशाच चित्राने मानववंशशास्त्रातल्या एका मोठ्या प्रश्नाला हात घातला आहे. बाईची पाळी पन्नाशीच्या आसपास थांबते, पण ती त्यापुढे वीस-तीस वर्षं सहज जगते. आपल्या जवळच्या नातलग वानरांत असं फारसं होत नाही. चिंपांझी मादीचं आयुष्य सहसा जननक्षमता संपते त्या सुमारालाच संपतं. मग निसर्गाने आजी कशासाठी घडवली? टांझानियात एयासी सरोवराच्या परिसरात हाड्झा नावाचे शिकारी-संग्राहक लोक राहतात. क्रिस्टन हॉक्स, जेम्स ओकॉनेल आणि निकोलस ब्लर्टन जोन्स यांनी १९८० च्या दशकात त्यांच्यात राहून कोण किती वेळ अन्न शोधतं याच्या नोंदी ठेवल्या. सगळ्यात कष्टाळू निघाल्या म्हाताऱ्या बायका. हातात टोकदार काठी घेऊन त्या खडकाळ जमिनीतून कंद उकरत. तो कंद कोनासारखा नव्हे, एका शेंगवर्गीय वेलीचा. पण अडचण तीच, खोल गेलेला आणि लहान मुलांना एकट्याने न निघणारा. बाळ अंगावर पिणारं नसेल तेव्हा मोठ्या मुलाचं वजन आईच्या श्रमावर वाढत होतं. नवं बाळ आलं की आई अडकायची, आणि मग त्या मोठ्या मुलाचं वजन आजी किती कंद उकरते त्यावर ठरू लागायचं. यातून १९९० च्या दशकाच्या शेवटी ‘आजी सिद्धांत’ उभा राहिला: दूध तुटलेल्या नातवंडांना आजीने पोसलं, म्हणून सून-लेकींना पुढची मुलं लवकर होऊ शकली, आणि दीर्घायुषी आज्यांचा वंश टिकला.

सगळ्यांनाच हा सिद्धांत पटलेला नाही. शिकार करणाऱ्या पुरुषांचा वाटा त्यात कमी धरला गेला, असा आक्षेप आहे. पण दुसरीकडचे दाखले त्याला बळ देतात. फिनलंड आणि कॅनडातल्या जुन्या चर्च-नोंदी तपासून विर्पी लुम्मा आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखवलं की पन्नाशीनंतर आजी जगली त्या दर दहा वर्षांमागे तिला सरासरी दोन नातवंडं जास्त लाभली. जर्मनीतल्या क्रुमहोर्न भागाच्या अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या नोंदी मात्र मराठी वाचकाला ओळखीच्या वाटतील: तिथे आईची आई जवळ असली की बाळं जास्त जगत, आणि वडिलांची आई जवळ असली की नवजात बाळं जास्त दगावत. सासुरवास फक्त आपल्या ओव्यांत होता असं नाही.

हाड्झांच्या मुलांबद्दल आणखी एक गोष्ट. पाच-सहा वर्षांचं मूल तिथे नुसतं खात नाही, स्वतः बोरं वेचतं, उथळ कंद उकरतं. मुलाला कामात घेणं म्हणजे त्याला राबवणं, असं आपल्याला वाटतं; पण बार्बरा रोगॉफ या मानसशास्त्रज्ञ ग्वाटेमालातल्या माया लोकांमध्ये अनेक वर्षं काम करून वेगळं सांगतात. दोन-तीन वर्षांच्या मुलाची लुडबुड मोठ्यांनी सहन केली, त्याला कडेला बसवून खेळणं दिलं नाही, तर तेच मूल सात-आठ वर्षांचं झाल्यावर न सांगता हाताखाली येतं. ‘तू जा, खेळ’ असं सतत ऐकलेलं मूल पुढे कामाला बोलावलं तरी येत नाही. आजी-आजोबांकडे ही लुडबुड सोसायला वेळ असतो, आई-बापांकडे नसतो. मुलाला पोळ्या लाटायला आणि दिवाळीच्या करंज्या वळायला बहुधा आजीच शिकवते, याचं कारणही तेच.

सुट्टीचा हिशेब मात्र आडवा येतो. कोन निघतात डिसेंबर-जानेवारीत आणि शाळेची मोठी सुट्टी असते एप्रिल-मे महिन्यांत. पण लावणी मेमध्येच असते, पावसाच्या तोंडावर. खड्डा घ्यायचा, पालापाचोळा, शेणखत आणि राख घालायची आणि कंदाचा तुकडा पुरायचा. डोक्याकडचा, म्हणजे वेल जिथून फुटला होता त्या बाजूचा तुकडा लवकर उगवतो. मधला आणि शेपटाकडचा उशीर लावतो. तीन खड्ड्यांत तीन तुकडे लावून कुठला आधी वर येतो ते बघायला सांगितलं की मूल शहरात परतल्यावरही आजोबांना फोन करतं, आणि त्या फोनला विषय असतो. नाहीतर ‘जेवलास का, अभ्यास कसा चाललाय’ यापुढे गाडी जात नाही.

पावसात वेल वर चढायला लागला की त्याची ओळख पटवण्याचा खेळ सुरू होतो. कोनफळाचं खोड चौकोनी असतं, कडांना पातळ पंख असल्यासारखं. काटेकणगीच्या खोडाला बुडाशी काटे असतात. करांद्याचं खोड गोल, आणि त्याला वर पानांच्या बगलेत लहान गड्डे धरतात. सगळ्यात गमतीची खूण म्हणजे वळण. कोनफळाचा वेल आधाराभोवती एका दिशेने फिरतो, करांदा आणि काटेकणगीचा बरोबर उलट दिशेने. आधार बदलला, ऊन बदललं, तरी दिशा बदलत नाही. ती वनस्पतीच्या जातीत ठरलेली असते. वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकांत या जाती ओळखण्यासाठी हीच खूण वापरतात. मुलाने एकदा हाताने वेल उलटा गुंडाळून बघावा. चार दिवसांत वाढणारं टोक स्वतःच्या मूळ दिशेला लागतं.

इथे एक सावधगिरी, आणि ती जोयड्यातल्या कुठल्याही आजीला पाठ असते. रानातला दिसेल तो कंद खायचा नसतो. रानटी करांदा कडू आणि विषारी असतो. तो खाण्याजोगा करायला राखेच्या पाण्यात शिजवून वाहत्या पाण्यात धरून ठेवावा लागतो. सुरण आणि अळकुडीने घसा खाजतो, कारण त्यांच्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. चिंच-आमसुलासारखा आंबटपणा घालून नीट शिजवलं की खाज जाते. तेल लावलेल्या हातांनीच सुरण चिरायचा. ही माहिती पुस्तकात मिळते, पण हातात घेतलेला कंद कुठला आहे हे पुस्तक सांगत नाही. ते आजी सांगते, आणि तिच्यासोबत चार वर्षं फिरल्याशिवाय ते येत नाही. मुलांनी एकट्याने असले प्रयोग करू नयेत.

मे महिन्यात कोकमाचं काम असतं. पिकलेल्या फळाची साल सोलून घ्यायची, गरातला रस मिठासोबत भांड्यात ठेवायचा, साल त्यात बुडवायची, उन्हात वाळवायची, पुन्हा बुडवायची. रोज थोडं थोडं, पाच-सात दिवस चालणारं काम. मुलाचा धीर आणि आजीची पाठ, दोन्हींना ते झेपतं. बियांपासून तेल निघतं. गार झालं की ते घट्ट होतं आणि टाचांच्या भेगांना लावतात. आणि उरलेल्या लाल पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकून बघा. रंग पालटतो, कारण कोकमाचं लाल द्रव्य आंबट पाण्यात लाल राहतं आणि अल्काच्या बाजूला गेलं की निळ्या-हिरव्या छटा घेतं. शाळेतला लिटमस कागद हेच करतो. हळदीत चुना घालून कुंकू करणाऱ्या आजीला हे रसायन आधीपासून ठाऊक आहे, फक्त नाव वेगळं.

काजूच्या बिया भाजताना मात्र मुलांना दूर ठेवा. टरफलातला चीक कातडी भाजतो आणि धूर डोळ्यांत जातो.

पाऊस लागला की घरात बसायचं, आणि मग पट निघतात. चौकाबारा कर्नाटकात आणि आपल्याकडे दोन्ही बाजूंना चालतो: पाच-पाच घरांचा चौकोन आणि चार कवड्या. उताण्या पडलेल्या मोजायच्या. चारही उताण्या तर चार, चारही पालथ्या तर आठ. कवडी उताणी आणि पालथी सारखीच पडते असं धरलं, तर सोळा फेकींत दोन येण्याचा संभव सहा वेळा आणि आठाचा एकदाच. हे गणित मुलाला आधी सांगू नये. खेळता खेळता ‘आजोबा, दोनच का सारखे येतात?’ असा प्रश्न आला की मग कवड्या मांडून दाखवावं. दानाचा खेळ असल्याने सात वर्षांचं पोर सत्तर वर्षांच्या माणसाला प्रामाणिकपणे हरवू शकतं, मोठ्याला मुद्दाम हरावं लागत नाही. मुद्दाम हरलेलं मुलाला कळतं आणि त्याला त्याचा राग येतो.

व्याघ्र प्रकल्पाच्या काठी वाघ-बकरी खेळण्यात वेगळीच मजा. तीन वाघ, पंधरा बकऱ्या. दगडाचे नाही तर चिंचोक्यांचे. वाघ उडी मारून बकरी खातो, बकऱ्या एकजुटीने वाघाची वाट अडवतात. दोन्ही बाजूंचं बळ मुळातच वेगळं असल्यामुळे जाणत्याने अवघड बाजू घ्यावी, नवख्याला वाघ द्यावेत. बकऱ्या हलवायला डोकं जास्त लागतं. हम्पीच्या दगडी फरशांवर असे पट कोरलेले आजही दिसतात, आणि सह्याद्रीतल्या लेण्यांच्या ओट्यांवर मंकळा या बिया टाकायच्या खेळाचे खळगे आहेत. पाऊस थांबायची वाट बघणाऱ्यांचा उद्योग जुना आहे.

जोयड्यातल्या आजी-आजोबांकडे मात्र आणखी एक गोष्ट आहे, जी फार थोड्या ठिकाणी असते: एक बुडालेलं गाव. तालुक्याचं जुनं नाव सुपा, आणि सुपा हे काळी आणि पांढरी नद्यांच्या संगमावरचं तालुक्याचं ठाणं होतं. गणेशगुडीजवळ १९७४ मध्ये धरणाचं काम सुरू झालं, १९८७ मध्ये १०१ मीटर उंचीचं सुपा धरण पुरं झालं आणि गाव पाण्याखाली गेलं. ठाणं जोयड्याला आलं, उठलेल्या बऱ्याच कुटुंबांना रामनगरला वसवलं. तेव्हा पंचविशीत असलेली माणसं आज साठी ओलांडून पुढे गेली आहेत. त्यांच्या डोक्यात अजून बाजार कुठे होता, देऊळ कुठे होतं, शाळेत जायची वाट कुठल्या घरामागून जायची, हे सगळं आहे. त्यांच्यानंतर ते कुठेही नसेल.

अशा आजोबांपुढे मोठा कोरा कागद ठेवावा आणि पेन्सिल नातवाच्या हाती द्यावी. आजोबांनी सांगायचं, नातवाने काढायचं. नदी कुठल्या बाजूने येते? दुसरी कुठे मिळते? तुमचं घर कुठे? शेजारी कोण? पाणी आलं त्या वर्षी आधी काय हलवलं? नकाशा चुकतो, पुसतो, आजी येऊन ‘विहीर अलीकडे होती’ म्हणते आणि दोघांची जुंपते. तिथे खरी माहिती बाहेर येते. सरकारी नकाशात धरणाची पाणीपातळी सापडते, कुणाच्या परसात फणस होता ते सापडत नाही. फोनवर आवाज टेपही करून ठेवावा. पण नकाशा हातानेच काढावा, कारण प्रश्न रेषा काढताना सुचतात.

याचा मुलांवर काय परिणाम होतो, याचा अभ्यास अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठात मार्शल ड्यूक आणि रॉबिन फिवश यांनी केला. त्यांनी मुलांना वीस प्रश्न विचारले: तुझे आजी-आजोबा कुठे वाढले, आई-बाबांची भेट कशी झाली, घरावर कुठलं संकट आलं होतं, असे. ज्यांना जास्त उत्तरं येत होती त्या मुलांचा आत्मविश्वास जास्त आणि घाबरेपणा कमी असल्याचं दिसलं. उत्तरं पाठ करून घेतल्याने हे होत नाही, असं ते स्वतःच बजावतात; ज्या घरात अशा गोष्टी बोलल्या जातात त्या घरांचा तो गुण आहे. आणि नुसत्या यशाच्या गोष्टींपेक्षा पडलो, उठलो, पुन्हा उभे राहिलो अशा गोष्टी मुलांना जास्त उपयोगी पडतात. सुप्याहून रामनगरला आलेल्या घराला असली गोष्ट शोधायला लागत नाही. फक्त विचारणारा लागतो.

देणं एकाच बाजूने चालावं असंही नाही. ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात ८ मार्च २०१६ रोजी योगेंद्र बांगर या शिक्षकांनी आजीबाईंची शाळा सुरू केली. गुलाबी लुगडी नेसून, पाठीला दप्तर लावून आज्या शाळेत जाऊ लागल्या आणि घरी नातवंडं त्यांचा अभ्यास घेऊ लागली. अंगठ्याच्या जागी सही करता आली म्हणून डोळे पुसणाऱ्या आज्यांची छायाचित्रं तेव्हा सगळीकडे झळकली होती. मला त्यातलं आवडतं ते एवढंच की ‘चुकलं, परत लिही’ असं आजीला सांगायचा हक्क नातवाला मिळाला. जोयड्यातही घरात कोकणी किंवा मराठी बोलणाऱ्या आजीला बसची कन्नड पाटी वाचून दाखवणारं, पुढे वाचायला शिकवणारं नातवंड हेच काम करत असतं.

एक गोष्ट मुलगा-सुनेने ऐकावी अशी. मेलबर्नमधल्या १८६ बायकांच्या अभ्यासात, ज्यात १११ आज्या होत्या, आठवड्यातून एक दिवस नातवंडं सांभाळणाऱ्यांची बुद्धी चाचण्यांत सगळ्यात तल्लख आढळली. पाच किंवा त्याहून जास्त दिवस सांभाळणाऱ्या मात्र एका चाचणीत मागे पडल्या. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला हा एकच अभ्यास, त्याला फार ताणू नये. पण आजी म्हणजे बिनपगारी पाळणाघर नव्हे हे सांगायला विज्ञानाची तरी मदत होते. कंद उकरायचा तो दोघांना हौस असेपर्यंत. दमलेल्या आजोबांना ‘आणखी एक खड्डा’ म्हणून ओढू नये.

ज्यांना जोयड्यासारखं परस नाही त्यांनीही हे करून बघावं. कोनफळ पुण्या-मुंबईच्या मंडईत थंडीत मिळतं. त्यातला डोक्याकडचा तुकडा सालासकट ठेवून द्या, मेअखेर माती-शेणखत भरलेल्या मोठ्या गोणीत आजी-आजोबांकडून नातवंडांच्या हाताने लावून घ्या आणि वेलाला गॅलरीच्या गजाचा आधार द्या. कोन आठ-नऊ महिन्यांनी तयार होतो. तो काढायला आजी-आजोबांना जानेवारीचं तिकीट आताच काढून द्या.